पाळवणकर बाळू : डावखुऱ्या हाताची कमाई

“खेळून पोट भरणार आहे का?” हा प्रश्न वडीलधाऱ्यांकडून ऐकला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात तरी सापडायचा नाही. आपल्या भाषेतच खेळ आणि काम ही दोन टोके आहेत. काम बिघडवणाऱ्याला आपण “हा काय खेळ मांडलायस?” असे दटावतो. अमेरिकेत मात्र १८६९ साली सिनसिनाटी शहरातील ‘रेड स्टॉकिंग्ज’ नावाच्या बेसबॉल संघाने आपले सगळे खेळाडू पगारी आहेत असे उघड जाहीर केले आणि त्या देशात खेळ हा एक धंदा झाला. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचाच लांबचा चुलतभाऊ. एकाने चेंडू टाकावा, दुसऱ्याने दांडक्याने टोलवावा आणि पळावे. त्याआधीही तिकडे चांगल्या खेळाडूंना पैसे मिळत होतेच, पण ते हातावर हात ठेवून, कुणाला न कळवता. सिनसिनाटीने पडदा दूर केला इतकेच.

आपल्याकडे असा पहिला खेळाडू कोण? क्रिकेट येथे प्रथम उचलले ते मुंबईच्या पारशांनी. १८८६ आणि १८८८ साली त्यांचे संघ विलायतेस जाऊन आले. पाठोपाठ संस्थानिकांनी हा खेळ उचलला. रणजितसिंह तर १८९६ साली इंग्लंडकडून कसोटी सामना खेळले. परंतु यांपैकी कुणाचीही चूल क्रिकेटवर पेटत नव्हती. ज्याच्या घरची चूल खरोखरच चेंडूवर, रुळावर आणि खेळपट्टीच्या गवतावर पेटली, तो माणूस या मंडळींच्या पंगतीतला नव्हता. त्याचे नाव पाळवणकर बाळू. त्याला कुणी ‘धंदेवाईक खेळाडू’ म्हटले नाही, कारण कागदोपत्री तो खेळाडू नव्हताच. तो मैदानावरचा नोकर होता.

पाळवणकर हे आडनाव आम्हा गोव्याच्या लोकांना परके वाटू नये. पेडणेकर, डिचोलकर यांच्यासारखेच ते गावावरून आलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले पाळवण हे त्या कुटुंबाचे मूळ गाव. कुटुंब चांभार समाजाचे, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेले. बाळूचा जन्म मात्र १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. या अंकाच्या कन्नड विभागातील आमच्या मित्रांनी तेवढा हक्क त्याच्यावर जरूर सांगावा! वडील पलटणीच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. शाळा लवकरच सुटली, कारण घराला मिळवत्या हाताची गरज होती.

पहिली नोकरी पुण्याच्या पारशी जिमखान्यात मिळाली, पगार महिना तीन रुपये. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा आणि सभासदांना सरावासाठी कोणी हवे असेल तर चार चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास तो साहेबांच्या पूना क्लबात गेला आणि पगार एक रुपयाने वाढला. येथे कामही वाढले. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी बांधणे, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणे, सारे त्याच्याकडेच. ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या सभासदाने त्याला प्रथम जाळीत गोलंदाजी करायला सांगितले. कॅप्टन बार्टन नावाच्या डावखुऱ्या गोलंदाजाची सफाईदार शैली बाळूने दुरून पाहून उचलली होती, ती आता कामी आली.

क्लबातील सर्वांत निष्णात फलंदाज म्हणजे जे. जी. ग्रेग. हा गृहस्थ इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूने आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचे, असा त्याने नियम केला होता, असे सांगतात. या आठ आण्यांचा हिशेब जरा मांडून पाहावा. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. ग्रेगला आठ वेळा बाद केले की एका महिन्याचा पूर्ण पगार वरकड हाती पडला! गोलंदाजाने इतक्या मन लावून का शिकावे याला याहून स्पष्ट उत्तर कोणत्या क्रीडाशास्त्राच्या पुस्तकात मिळेल असे मला वाटत नाही. ग्रेगचे नाव धावांमुळे गाजले. त्या धावांच्या तयारीत चार रुपये पगाराच्या एका मुलाचा हात होता.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. बाळूने पूना क्लबच्या सभासदांना शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्या सगळ्या वर्षांत त्याच्या हाती एकदाही बॅट देण्यात आली नाही. गोलंदाजी ही मेहनत, ती नोकराने करावी. फलंदाजी ही मौज, ती साहेबाची. शेतातला पाणक्या आणि शेताचा धनी यांच्यात असते तसे हे नाते होते. क्रिकेटमध्ये आजही गोलंदाज राबतो आणि फलंदाज मिरवतो, अशी तक्रार आपण ऐकतो. तिचे मूळ किती खोल आहे ते येथे दिसते.

बाळूची गोलंदाजी होती तरी कशी? ज्यांना खेळाची बारकाई ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर पायांकडून बाहेर, पहिल्या स्लिपच्या दिशेने वळतो. फलंदाजाने चेंडू येतोय तिथे बॅट नेली की चेंडू तेथून सरकलेला असतो. मात्र असाच प्रत्येक चेंडू वळू लागला तर चांगला फलंदाज दोन षटकांत त्याचा माग काढतो. म्हणून मधूनच एक चेंडू न वळता सरळ आत यावा लागतो, एक थोडा हळू, एक उंच, एक सपाट. बाळूंच्या हाती हे सगळे प्रकार होते. शिवाय टप्प्यावर ताबा असा, की तासन्‌तास मारा करूनही धावा निघत नसत. माझ्या मते याला आणखी एक कारण असावे. ज्याने रोज पहाटे स्वतः खेळपट्टीवर रूळ ओढला आहे, कुठे ओल धरते आणि कुठे माती भुसभुशीत होते हे ज्याच्या तळपायांना ठाऊक आहे, त्याला चेंडू नेमका कुठे टाकावा हे निराळे शिकवावे लागत नाही. वतनदारापेक्षा कुळाला जमीन अधिक कळते.

पुण्यातील हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या क्लबाविरुद्ध जिंकायचे होते आणि जिंकून देणारा गोलंदाज तर समोर गोऱ्यांच्याच मैदानावर रूळ ओढत होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा बलवान ठरली आणि बाळू संघात आला. पण संघात येणे वेगळे आणि पंगतीत येणे वेगळे. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरत होता. चहापानाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत मंडपात चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. पिऊन झाले की ते भांडे टाकून द्यायचे. जेवणाचे ताटही वेगळे, जागाही वेगळी. ज्या चेंडूला बाळूच्या घामाचा स्पर्श झाला तो झेलताना कुणाला विटाळ झाला नाही, ही गंमत त्या काळच्या किती जणांच्या लक्षात आली असेल?

निदान एकाच्या आली होती. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला तेव्हा बाळूच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती दगडासारखी करण्यात आली. तरीही बाळूने बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. साताऱ्यात त्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली. पुण्यात झालेल्या सत्काराच्या वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संघातील मंडळींना सुनावले की ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत नसावी. हत्तीवर चढलेल्या माणसाला कपबशी मात्र मिळायची होती!

पुण्यात प्लेगने थैमान मांडले त्या काळात बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले आणि पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळत. भारतीय क्रिकेटमधली एक जुनी चाल येथे दिसते. खेळाडूला खेळाचे पैसे द्यायचे नाहीत, त्याला नोकरी द्यायची आणि खेळायला सोडायचे. पुढे रेल्वे, बँका, कारखाने या सर्वांनी तेच केले आणि २००८ साली खेळाडूंचा भर सभेत लिलाव सुरू होईपर्यंत आपले बहुतेक मोठे खेळाडू असेच कुठल्या तरी कचेरीच्या हजेरीपटावर असत. तो हौशीपणा किती खरा होता याचा विचार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावा.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईला हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. पहिल्या डावात हिंदूंच्या २४२, युरोपियनांच्या १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० आणि युरोपियन सर्व बाद १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता आणि शिवरामही संघात होते. बंगालच्या फाळणीने आणि स्वदेशीच्या चळवळीने वातावरण तापले होते, तेव्हा या विजयाचा अर्थ केवळ खेळापुरता राहिला नाही. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने मात्र वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवले. गोऱ्यांना हरवले यापेक्षा चांभार समाजाच्या खेळाडूंना हिंदू संघाने आपले म्हटले, ही घटना त्या पत्राला मोठी वाटली. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज बहुतेक वेळ मेजवान्यांत आणि दरबारी समारंभांत गुंतलेले. संघ दुबळा, प्रवास लांब. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दहा गमावले, दोनच जिंकले. अशा पडक्या घराला एक खांब होता. बाळूंनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५ बळी घेतले, दर बळीस सुमारे २० धावा देऊन. सर्व सामने धरले तर ११४ बळी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात ११ बळी, आणि तो सामना भारताने जिंकला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध टाँटनला, अवघा एक गडी राखून. त्यात शिवरामांनी नाबाद ११३ धावा केल्या. ज्या घरातील थोरल्याला पुण्यात बॅटीला हात लावू दिला नव्हता, त्याच घरातील धाकट्याचे हे शतक!

मुंबईला परत आल्यावर दलित समाजाने बाळूंचा मोठा सत्कार केला. भीमराव आंबेडकर तेव्हा एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. त्या पिढीतील तरुणांना बाळू म्हणजे आपल्यातला, आणि तरीही जगाने मान्य केलेला, असा पहिलाच माणूस होता.

आता कर्णधारपदाचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने बाळूंच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म येथेच आहे. १९१२ पासून मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशी चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू संघात बाळूंइतका ज्येष्ठ आणि यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. तरी कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा खुद्द पैंनीच जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंचा होता. पैंचा हा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे, पण त्यामुळे निवड काही बदलली नाही.

कुणी म्हणेल की गोलंदाजाला कर्णधार करत नसत, किंवा खेळावर पोट भरणाऱ्याला करत नसत. हे इंग्लंडपुरते खरे आहे. तिकडे हौशी खेळाडूंना ‘जंटलमन’ म्हणत आणि पगारी खेळाडूंना नुसते ‘प्लेअर’. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानावर येण्याची दारे वेगळी, आणि धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी तर पगारी खेळाडूची नंतर छापीत. लेन हटन हा विसाव्या शतकातला इंग्लंडचा पहिला पगारी कर्णधार, आणि त्यालाही १९५२ साल उजाडावे लागले. हा भेदच १९६२ साली रद्द झाला. परंतु हटन उद्या श्रीमंत झाला असता तर त्याला दुसऱ्या दाराने आत घेतले असते. बाळूंना मुंबईत जिमखाना पगार देत नव्हता, त्यामुळे ती अडचण मुळात नव्हतीच. त्यांच्यापुढे होती ती जन्माची भिंत.

तिचे खरे साम्य अमेरिकेत दिसते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णी, महाविद्यालयात शिकलेला तरुण १८८४ साली टोलेडो संघाकडून बेसबॉलच्या वरच्या श्रेणीत खेळला. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणे हे त्याचे काम, आपल्या यष्टिरक्षकासारखे. चेंडू कसा टाकावा याच्या खुणा त्याने करायच्या आणि चेंडूफेक्याने त्या पाळायच्या. टोनी मुलेन नावाच्या त्याच्याच संघातल्या गोऱ्या चेंडूफेक्याने पुढे कबूल केले की मी वॉकरच्या खुणांकडे न पाहता मनाला येईल तसा चेंडू टाकीत असे. येणारा चेंडू कोणता हे ठाऊक नसताना वॉकर तो झेलीत राहिला. १८८७ पासून एकेका संघटनेने कृष्णवर्णीयांना दारे बंद केली आणि १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत ती बंद राहिली. वॉकरला हाकलले. बाळूंना हाकलले नाही. गरज होती म्हणून आत ठेवले, पण वर चढू दिले नाही. यांतले कोणते अधिक बोचरे हे सांगणे कठीण आहे.

१९२० साली हा प्रश्न धसास लागला. बाळूंना संघातून वगळण्यात आले, आणि पै आजारी असल्याने कर्णधारपद त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधरांना देण्यात आले. देवधरांची योग्यता वादातीत होती. पण विठ्ठल त्यांच्याहून अनुभवी होते. शिवराम आणि विठ्ठल दोघांनीही संघातून अंग काढून घेतले आणि वर्तमानपत्रांत निवेदन देऊन कारण स्पष्ट सांगितले, की हा निर्णय जातीमुळे झाला आहे. खेळाडूंनी असा बहिष्कार घालण्याची आपल्याकडची ही फार आधीची घटना होय. लोकमत त्यांच्या बाजूने गेले. तडजोड झाली. पै कर्णधार म्हणून परत आले, बाळूंना उपकर्णधार नेमले, आणि सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, ते बाळूंना नेतृत्व करता यावे म्हणून. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला मिळालेली ती घटकाभराची सत्ता. १९२३ साली विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दाखवली. लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले.

बाळू १९२१ च्या सुमारास निवृत्त झाले. पुढचा राजकारणाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो अनेकांना अडचणीचा वाटतो. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या वादात ते आंबेडकरांच्या विरुद्ध, गांधीजींच्या बाजूस उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. काहींना हे बाळूंचे स्खलन वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाचे सारे आयुष्य संघात राहून, आतूनच जागा मिळवण्यात गेले, त्याला वेगळे होण्याचा मार्ग पटला नाही, यात नवल कसले? मात्र काँग्रेसने त्यांचा मोठेपणा ओळखून तिकीट दिले की आंबेडकरांना रोखायला एक लोकप्रिय नाव हवे होते, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तपासावे. पुण्याच्या हिंदू क्लबालाही जिंकायला गोलंदाज हवाच होता.

आकडेवारी पाहता बाळूंची प्रथम दर्जाची कारकीर्द ३३ सामन्यांची, १७९ बळींची, दर बळीस १५.२१ धावा. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्‌सवर झाला तेव्हा त्यांचे वय छप्पन्नच्या घरात होते, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. मडगावला जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, बाळूंचे क्वचित. २००१ सालच्या ‘लगान’ चित्रपटात एका अस्पृश्य मुलाची फिरकी गाजली. पाहणाऱ्यांना आवडली. पण त्यात त्या मुलाची करामत हाताच्या व्यंगातून आलेली दाखवली आहे, जणू देवाने दिलेली भेट. बाळूंच्या हातात व्यंग नव्हते. तो हात ग्रेगसाहेबाच्या जाळीत, रोज तासभर आधी, आठ आण्यांसाठी घडला होता.

विठ्ठल पाळवणकरांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. पाळवणकर बंधूंविषयी जाणून घ्यायचे असेल त्याने ते शोधून वाचावे. रामचंद्र गुहांनी २००२ साली भारतीय क्रिकेटचा इतिहास इंग्रजीत लिहिला, त्यातही बाळूंना मानाचे स्थान आहे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सार्वजनिक उपाहारगृहात कुणाला अस्पृश्य म्हणून भांडी वापरण्यास मनाई करणे हा गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी १ जूनपासून अंमलात आला होता.